शाळा सुटल्यापासून मूल घरी पोचेपर्यंत: प्राथमिकच्या पालकांनी नेमकं काय तपासायचं?

पाटीपेन्सिल (३ जून, रात्री ९.१२)

जूनच्या मध्यावर शाळा उघडतील, विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा. वह्या, गणवेश, दप्तर यांची खरेदी सगळीकडे जोरात आहे. सुरक्षिततेचं मात्र बहुतेक पालक पहिल्या पालकसभेत विचारू म्हणून ठेवून देतात, आणि ती सभा होते जुलैत. तोवर व्हॅन ठरलेली असते, पैसे दिलेले असतात, रिक्षाकाकांची सवय झालेली असते. म्हणून धागा आत्ताच काढतेय.

वर्गात बसलेलं मूल कोणाच्या ताब्यात आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. घरातही ठाऊक असतं. गडबड होते ती मूल एका मोठ्या माणसाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातं तेव्हा. व्हॅनचं दार, शाळेचं फाटक, मधल्या सुट्टीतली स्वच्छतागृहाची वाट, अचानक लवकर सुटलेली शाळा, या त्या जागा. शाळेला वाटतं व्हॅनवाल्याने नेलं, व्हॅनवाल्याला वाटतं आज आईच घेऊन गेली. तेव्हा चर्चा याच जागांवर ठेवू. 'शाळा चांगली आहे, काळजी नको' असे प्रतिसाद नकोत. ज्यांना वाहन, कायदा, कॅमेरे, वैद्यकीय बाजू यांतलं नीट कळतं त्यांनी तपशिलात लिहा.

---

घाटरस्ता (३ जून, रात्री १०.०५)

वाहनापासून सुरुवात करतो.

आधी नंबरप्लेट पाहा. पिवळ्या पाटीवर काळे आकडे असतील तर गाडी प्रवासी वाहन म्हणून नोंदलेली आहे. पांढऱ्या पाटीची गाडी खाजगी. ती भाड्याने चालवत असतील तर अपघातानंतर विमा कंपनी भरपाई देताना आडवी येते, कारण विमा खाजगी वापरासाठी काढलेला असतो. 'दहा वर्षं चालवतोय, काही झालं नाही' हे उत्तर इथे उपयोगाचं नाही.

मग एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा क्रमांक टाका. नोंदणी, फिटनेस, विमा, पीयूसी यांच्या मुदती दोन मिनिटांत दिसतात. स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि संपणाऱ्या तारखा फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. जूनमध्ये सगळं चोख असतं, फिटनेस डिसेंबरात संपतं आणि कोणी बघत नाही.

तिसरी गोष्ट, गाडीत डोकावून पाहा. ओम्नी-ईकोसारख्या गाड्यांत सीएनजीचं नळकांडं मागे असतं आणि त्यावर फळी टाकून मुलं बसवतात. मागून धडक बसली तर पहिला मार त्याच मुलांना. नळकांड्याची जलदाब चाचणी दर ३ वर्षांनी करावी लागते आणि तिची तारीख गाडीवरच्या धातूच्या पट्टीवर कोरलेली असते. चालकाला ती पट्टी दाखवायला सांगा. पट्टी नाही, तारीख पुसली गेली, कागद घरी आहे, यातलं काहीही ऐकू आलं तर त्या गाडीत मूल बसवू नका. प्रत्येक मुलाला पुढे तोंड करून खरी सीट मिळाली पाहिजे. फळी, मांडी, पुढच्या सीटवर दोघं, हे काही नको.

मोठ्या बससाठी महाराष्ट्राचे २०११ चे स्कूल बस नियम आहेत. पिवळा रंग, वेगनियंत्रक, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, खिडक्यांना आडव्या सळ्या, संकटकाळी बाहेर पडायचं दार, मुली असतील तर महिला परिचर. शिवाय प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती हवी आणि तिच्यात पालकांचा प्रतिनिधी हवा. 'समितीवर पालकांतर्फे कोण आहे?' एवढंच विचारा. नाव पटकन सांगता आलं नाही तर समिती फक्त फायलीत आहे असं समजा.

---

चिवचिवाट (३ जून, रात्री १०.३१)

@घाटरस्ता, आमच्या भागात पिवळ्या पाटीची व्हॅन मिळतच नाही. असतील त्या बसेस गावाबाहेरच्या मोठ्या शाळांच्या. मग करायचं काय? आणि बदली चालकाचं कसं? तो तर न सांगताच येतो.

---

घाटरस्ता (३ जून, रात्री ११.०२)

एकाच सोसायटीतली किंवा आळीतली आठ-दहा मुलं असतील तर पालकांनी मिळून परवानाधारक वाहनाशी थेट बोला. मुलं ठरलेली आणि वर्षभराची असली की अनेक चालक पाटी बदलून परवाना काढायला तयार होतात, कारण त्यांचाही खर्च निघतो. तोपर्यंत अंतर कमी असेल तर पालकांनी आळीपाळीने मुलांना चालत नेणं हाच सर्वांत सुरक्षित पर्याय.

बदली चालकाबद्दल विचारलंत ते बरं केलंत, कारण मूळ चालकाला पोरांची नावं, घरं, कोणाला कुठल्या बाजूला उतरवायचं हे सगळं पाठ असतं आणि बदलीला यातलं काहीच ठाऊक नसतं. नियम असा करा: बदली चालक येणार असेल तर त्याचा फोटो, परवान्याचा फोटो आणि गाडीचा क्रमांक आदल्या रात्री ग्रुपवर यायला हवा. आला नाही तर सकाळी मूल गाडीत बसणार नाही. पहिल्याच आठवड्यात एकदा हे पाळून दाखवलंत की पुढे चालक स्वतःहून कळवतो. गाडीत मुलांची यादीही लॅमिनेट करून टांगलेली हवी: नाव, थांबा, कोणाच्या हाती द्यायचं, दोन फोन नंबर.

चढ-उतार डाव्या दारानेच. घर रस्त्यापलीकडे असेल तर मोठं माणूस मुलाला घ्यायला गाडीच्या दाराशी यायला हवं आणि गाडी निघून गेल्यावरच दोघांनी रस्ता ओलांडायचा. उभ्या गाडीच्या अगदी पुढून गेलेलं सहा वर्षांचं मूल चालकाला दिसत नाही. थांब्यावर गाडी रिव्हर्स घ्यायची नाही, वळण लांब पडलं तरी चालेल.

फेरी संपली की चालकाने किंवा परिचराने शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन, सीटखाली वाकून पाहायचं. झोपलेलं लहान मूल आरशात दिसत नाही. मागच्या काचेला 'गाडी रिकामी' अशी पाटी रोज लावायला सांगा. ती लावायला मागे जावंच लागतं, हा तिचा खरा उपयोग. बंद गाडी उन्हात किती लवकर तापते ते आपल्याकडे कोणाला सांगायला नको.

---

चाफेकळी (४ जून, सकाळी ७.४०)

दुचाकीवरून नेणाऱ्यांसाठी.

९ महिने ते ४ वर्षं वयाच्या मुलाला हेल्मेट, चालकाला जोडणारा पट्टा आणि ताशी ४० किमीच्या आत वेग, हा केंद्राचा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. ४ वर्षांवरच्या मुलाला मोटार वाहन कायद्याप्रमाणे हेल्मेट लागतंच. मोठ्या माणसाचं हेल्मेट लहानाला चालत नाही. ते मागे सरकतं आणि हनुवटीखालचा पट्टा गळ्याला लागतो. डोक्याचा घेर कपाळावरून टेपने मोजा आणि त्या मापाचं आयएसआय खुणेचं घ्या.

स्कूटरवर पुढे उभं करू नका. जोरात ब्रेक लागला की मुलाची हनुवटी थेट हँडलवर आदळते.

मोटरसायकलवर मागे बसवत असाल तर साडीगार्ड काढून टाकू नका. दिसायला बरं नाही म्हणून नवी गाडी घेताच तो काढतात. लहान पाय फूटरेस्टपर्यंत पोचत नाहीत, लोंबकळतात आणि टाच आऱ्यांत जाते. पावसाळ्यात रेनकोटचं टोक आणि ओढणीही तिथेच अडकते.

---

औषधपेटी (४ जून, दुपारी १.१५)

@चाफेकळी यांनी टाचेचं लिहिलं, त्याला जोडून. आऱ्यांत पाय अडकला तर ओढू नका. चाक हाताने हळू उलटं फिरवा, नाही निघाला तर आरे कापा. वरून कातडी थोडीच फाटलेली दिसते, पण टाचेमागची कातडी चिरडलेली असते आणि दोन-तीन दिवसांनी काळी पडते. त्यामुळे घरी मलम लावून थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

प्राथमिक शाळेत वारंवार लागणाऱ्या आणखी दोन गोष्टी.

पडलेला दात. सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान पुढचे कायमचे दात येतात. कायमचा दात मुळासकट पडला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, घासू नका. माती लागली असेल तर दुधाने किंवा पाण्याने क्षणभर धुवा, कपभर थंड दुधात टाका आणि तासाभरात दंतवैद्य गाठा. अर्ध्या तासात पोचलात तर दात वाचण्याची शक्यता बरीच जास्त. कोरड्या रुमालात गुंडाळून नेलेला दात बहुधा वाया जातो. दुधाचा दात परत बसवत नाहीत. शाळेच्या पेटीत कापूस-आयोडीनबरोबर दुधाचं छोटं टेट्रापॅक ठेवायला सांगा. टिकतं आणि स्वस्त आहे.

डोक्याला मार. मूल लगेच रडून खेळायला लागलं तरी शाळेने पालकांना त्याच दिवशी लेखी कळवायला हवं: किती वाजता, कुठून, किती उंचीवरून पडलं. पुढचे २४ तास घरी लक्ष ठेवा. एकापेक्षा जास्त उलट्या, उठवूनही न जाणारी झोप, वाढती डोकेदुखी, चालताना तोल जाणं, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्राव, यातलं काहीही दिसलं तर सरळ रुग्णालय. वर्गशिक्षकांनी 'थोडं लागलं होतं' एवढंच दुसऱ्या दिवशी सांगण्यात हे २४ तास निघून जातात.

नाकातून रक्त आलं तर डोकं मागे करायचं नाही, पुढे झुकवायचं. नाकाचा मऊ भाग १० मिनिटं सलग दाबून धरायचा, मध्ये सोडून बघायचं नाही.

---

खडूफळा (४ जून, रात्री ८.५०)

फाटकाबद्दल, शाळेच्या बाजूने.

सगळे वर्ग एकदम सोडले की फाटकात कोण कोणाला नेतंय हे पाहणं अशक्य होतं. पहिली-दुसरी पाच मिनिटं आधी सोडायची, तीही फाटकातून नाही, वर्गाच्या दारातून. वर्गशिक्षकांकडे प्रत्येक मुलाचं एक कार्ड असावं: नेणाऱ्या जास्तीत जास्त तीन व्यक्ती, त्यांचे फोटो, पालकांची सही. चौथी व्यक्ती आली तर मूल द्यायचं नाही, मग ती मुलाला नावाने ओळखो, मूल तिला 'काका' म्हणो.

'मी फोन करून सांगितलंय ना' हा रोजचा वाद. आलेल्या फोनवरून परवानगी धरायची नसते. शिक्षकांनी शाळेत नोंदलेल्या क्रमांकावर स्वतः उलट फोन करायचा, मगच मूल द्यायचं, आणि नोंदवहीत वेळ व नेणाऱ्याची सही घ्यायची. पालकांना दोन मिनिटं थांबावं लागतं म्हणून राग येतो. कृपया येऊ देऊ नका, ती दोन मिनिटं तुमच्याच मुलासाठी आहेत.

आईवडील वेगळे राहत असतील तर शाळेला तोंडी सांगून भागत नाही. न्यायालयाचा ताब्याबद्दलचा आदेश असेल तर त्याची प्रत मुख्याध्यापकांकडे द्या. आदेश नसेल तर आई किंवा वडिलांपैकी एकाच्या सांगण्यावरून दुसऱ्याला अडवणं शाळेला फार कठीण जातं.

आता उलट दिशा. मूल सकाळी व्हॅनने निघालं आणि शाळेत पोचलंच नाही, हे कळायला संध्याकाळ उजाडू नये. हजेरी झाल्यावर अर्ध्या तासात, न कळवता गैरहजर असलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी फोन गेला पाहिजे. पालकांनीही मूल येणार नसेल तर शाळा भरण्याआधी कळवावं. निम्मे पालक कळवत नाहीत, मग फोन करणाऱ्या शिपायाला रोज चाळीस फोन होतात आणि आठवडाभरात ती पद्धत बंद पडते.

आणि पाऊस. रेड अलर्टला जिल्हाधिकारी किंवा पालिका सुट्टी जाहीर करतात, कधीकधी शाळा भरल्यानंतर. तेव्हा ग्रुपवर 'शाळा सोडत आहोत' टाकून फाटक उघडायचं नाही. ज्या पालकांचं प्रत्यक्ष उत्तर आलं त्यांचीच मुलं सोडायची, बाकीची वर्गात शिक्षकांबरोबर थांबतील. हे जूनमध्येच लेखी ठरवून घ्या.

---

तारजोडणी (५ जून, सकाळी ११.२०)

कॅमेऱ्यांवर बोलतो. बदलापूरच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने शाळांना सीसीटीव्ही लावायला सांगितले आहेत आणि आठवड्यातून किमान ३ वेळा चित्रण तपासण्याची जबाबदारी मुख्याध्यापकांवर टाकली आहे. कॅमेरे लागले, पण चित्रण किती दिवस राहतं हे फार थोडे विचारतात.

हिशेब साधा आहे. २ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा साधारण २ एमबीपीएसने लिहीत असेल तर दिवसाला २१-२२ जीबी होतात. ८ कॅमेऱ्यांचे पावणेदोनशे जीबीच्या आसपास. म्हणजे १ टीबीची डिस्क सहाव्या दिवशी जुनं पुसून वर लिहायला लागते. लहान मूल काही सांगतं ते बरेचदा आठवड्याने-पंधरा दिवसांनी, तोवर चित्रण गेलेलं असतं. महिनाभर हवं असेल तर याच मापाने ६ टीबीची डिस्क लागते.

सभेत 'कॅमेरे चालू आहेत का' विचारू नका. 'पंचवीस दिवसांपूर्वीची सकाळी साडेदहाची दुसऱ्या मजल्यावरची दृश्यं दाखवा' म्हणा. तीन गोष्टी एकदम कळतील: साठवण पुरते का, चित्रण काढता कोणाला येतं, आणि यंत्राचं घड्याळ बरोबर आहे का. घड्याळ वीज गेल्यावर मागे पडतं आणि चुकीच्या वेळेचं चित्रण पुढे पुरावा म्हणून त्रास देतं. यूपीएस आहे का तेही बघा.

कॅमेरा स्वच्छतागृहाच्या आत कधीही नको, पण तिथे जाणारी वाट, जिना, फाटक आणि व्हॅन थांबते ती जागा दिसलीच पाहिजे. चित्रण पालकांच्या ग्रुपवर टाकायला सांगू नका, इतर मुलंही त्यात असतात.

---

चिवचिवाट (५ जून, दुपारी ३.०५)

तक्रारपेटी आणि सखी सावित्री समितीबद्दल कोणी सांगेल का? आणि मुलाने घरी काही सांगितलं तर आधी शाळेत जायचं की पोलिसात? शाळा म्हणतात 'आधी आम्ही चौकशी करतो'.

---

कलमदान (५ जून, रात्री ९.३०)

सखी सावित्री समिती ही शाळेतल्या मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची समिती, १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयातून आली. महिला शिक्षक, समुपदेशक, महिला पालक, विद्यार्थी प्रतिनिधी वगैरे तिच्यात असतात. सदस्यांची नावं शाळेत दर्शनी भागात हवीत. तक्रारपेटी हवी हेही आधीपासून आहे, पण पेटी कोण उघडतं ते विचारा. किल्ली ज्याच्याकडे, त्याच्याविरुद्धची चिठ्ठी कुठे जाणार? उघडताना एक पालक सदस्य हजर हवा आणि नोंद हवी. पहिली-दुसरीच्या मुलांना पेटी निरुपयोगीच, कारण त्यांना लिहिता येत नाही. त्यांच्यासाठी शाळेतल्या दोन-तीन मोठ्या माणसांचे फोटो वर्गात लावा: 'काही वाटलं तर यांना सांग.'

आता मुख्य प्रश्न. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर थेट पोलीस. पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पालक, शिक्षक, डॉक्टर, सगळ्यांना. न कळवल्यास कलम २१ खाली ६ महिन्यांपर्यंत शिक्षा, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल दडवलं तर १ वर्षापर्यंत. 'आधी अंतर्गत चौकशी' अशी सवलत कायद्यात नाही. त्या चौकशीत मुलाला चारचौघांत पुन्हा पुन्हा विचारलं जातं, आरोपीला कळतं आणि चित्रण पुसलं जातं.

घरी काय करायचं ते नीट वाचा. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लगेच लिहून ठेवा. आपण शब्द पुरवू नका. 'त्या काकांनी असं केलं का?' असे प्रश्न नकोत, 'मग काय झालं?' एवढंच. 'तू सांगितलंस ते बरं केलंस' हे जरूर म्हणा. घटना ताजी असेल तर अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. कपडे कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरून पुरावा खराब होतो.

पोलिसांनी मुलाचा जबाब घरी किंवा मुलाला सोयीच्या जागी, गणवेशाशिवाय आणि शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने घ्यायचा आहे. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. उपचार सरकारी-खाजगी सगळ्या रुग्णालयांनी मोफत द्यायचे आहेत. 'आमची हद्द नाही' म्हणून परत पाठवता येत नाही, कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. नोंदवून घेतला नाही तर तेच लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे पाठवा. मदतीसाठी १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) आणि ११२ (आपत्कालीन क्रमांक).

आणि मुलाचं नाव, शाळा, सोसायटी, फोटो कुठेही टाकू नका. ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, अगदी सहानुभूतीने केलं तरी.

---

वाटसरू (६ जून, सकाळी १०.००)

ग्रुपवरच्या बातम्यांबद्दलही लिहायला हवं. 'मुलं पळवणारी टोळी आली आहे, पांढरी व्हॅन, सर्वांना पाठवा' हे संदेश दर पावसाळ्यात फिरतात. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला अशाच अफवेतून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मारून टाकलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. असा संदेश पुढे पाठवण्याआधी त्यात तारीख, ठिकाण आणि पोलीस ठाण्याचं नाव आहे का पाहा. नसेल तर तिथेच थांबवा, आणि खरंच शंका असेल तर ११२ ला फोन करा.

शाळेच्या सूचनांसाठी वेगळा, फक्त ॲडमिन लिहू शकतील असा ग्रुप करा. सूचनेत काय झालं, कोणत्या वर्गाला, कधीपासून, पालकांनी काय करायचं, शंका असल्यास कोणाला फोन, एवढं पुरतं. 'काही कारणास्तव शाळा लवकर सुटेल' असा संदेश आला की शंभर फोन होतात आणि खरा फोन लागत नाही. वर्गाचे फोटो टाकताना मुलाचं ओळखपत्र वाचता येईल असे टाकू नका.

---

माळरान (६ जून, दुपारी २.४५)

आमच्याकडे व्हॅन-कॅमेरे लांबची गोष्ट. जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा, एक खोली गळते, स्लॅबच्या सळ्या दिसतात. गुरुजी म्हणतात वर कळवलंय.

---

खडूफळा (६ जून, सायंकाळी ६.१०)

@माळरान, सळ्या उघड्या पडल्या असतील तर त्या खोलीत मुलं बसवणं आजच थांबवा. जुलै २०२५ मध्ये राजस्थानात झालावाड जिल्ह्यात शाळेचं छत कोसळून सात मुलं गेली. व्हरांड्यातही नको, तो त्याच स्लॅबचा भाग असतो. ग्रामपंचायत, समाजमंदिर, किंवा दुसऱ्या खोलीत दोन पाळ्या.

मग शाळा व्यवस्थापन समितीची सभा बोलवायला सांगा. समितीत ७५ टक्के पालक असतात, म्हणजे ठराव तुमच्या हातात आहे. ठरावात असं लिहा:

'खोली क्र. __ च्या छताच्या सळ्या उघड्या पडल्या आहेत व छत गळत आहे (फोटो सोबत). दि. __ पासून या खोलीचा वापर बंद करण्यात येत आहे. उपअभियंता, बांधकाम यांनी १५ दिवसांत पाहणी करून लेखी अहवाल द्यावा. खोली धोकादायक ठरल्यास निर्लेखनाचा व नवीन खोलीचा प्रस्ताव पाठवावा. तोपर्यंत वर्ग __ येथे भरतील.'

ठरावाच्या तीन प्रती: गटशिक्षणाधिकारी, पंचायत समितीचा बांधकाम विभाग, ग्रामपंचायत. तिन्हींवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पंधरा दिवसांत कोणी आलं नाही तर त्याच आवक क्रमांकांचा हवाला देऊन मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पत्र. निर्लेखनाचा, म्हणजे जुनी खोली पाडण्याच्या मंजुरीचा, प्रस्ताव मंजूर व्हायला वेळ लागतो, म्हणून खोलीला कुलूप लावून किल्ली मुख्याध्यापकांकडे ठेवा आणि दारावर पाटी लावा. पाऊस आला की मुलं आडोशाला तिथेच पळतात.